जुनं घर पाडण्याआधी काय बघायचं, जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांनी बांधलेलं साधारण ४५ वर्षांचं दुमजली घर आहे, बाथरूमच्या छताचं प्लास्टर पडून सळ्या दिसायला लागल्यात, बाल्कनी खालून फुगलीय, मागच्या खोलीत तिरकी भेग आहे, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक. भावाचं म्हणणं एक घाव दोन तुकडे, पाडून नवीन बांधू. आणि एक ठेकेदार म्हणतोय की लोखंड आणि लाकूड मला द्या, पाडायचे पैसे घेत नाही. तर पाडण्याआधी काय काय बघावं.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, जुन्या घरांचं ऑडिट आणि पाडकामावर देखरेख हेच बरीच वर्षं करतोय. उत्तर लांबलंय, सावकाश वाचा.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. घर राहण्याजोगं उरलंय का हा एक, आणि ते गेल्यावर त्या जागेवर तुम्हाला हवं ते उभं राहू शकतं का हा दुसरा. लोक पहिल्याचं उत्तर पडलेलं प्लास्टर बघून देऊन टाकतात आणि दुसरा विचारतच नाहीत. मी नेहमी दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याला हातोडा लागत नाही, कागद आणि थोडे हेलपाटे लागतात, आणि कितीदा तरी पाडायचा बेत तिथेच बदलतो.

जुनं घर ज्या नियमांत बांधलं गेलं ते नियम आज असतीलच असं नाही. हद्दीपासून किती अंतर सोडायचं, एकूण किती बांधकाम करता येतं, किती उंच जाता येतं, रस्ता रुंदीकरणाची रेषा कुठून जाते, गाडीला जागा किती ठेवायची, हे सगळं मधल्या काळात बदललेलं असतं. घर उभं आहे तोवर जुनं बांधकाम म्हणून बहुतेक ठिकाणी ते आहे तसं चालतं. एकदा पाडलं की तुमच्याकडे उरतो रिकामा प्लॉट, आणि रिकाम्या प्लॉटला आजचा नियम लागतो. तुमची तर एक भिंत हद्दीवरच आहे. मोठं घर मिळेल म्हणून पाडायला निघालेली माणसं आर्किटेक्टने आजच्या नियमात नकाशा काढून दाखवला की गप्प होतात, कारण नवीन घराचा तळमजला आहे त्यापेक्षा लहान निघतो. उलटंही होतं म्हणा, काही ठिकाणी नियम सैल झालेले असतात, एक मजला जास्त मिळतो आणि मग सगळं गणितच फिरतं. हे सर्वस्वी तुमच्या जागेवर अवलंबून आहे, मी इथून सांगू शकत नाही, पण स्थानिक आर्किटेक्टकडून नुसता प्राथमिक नकाशा काढून घ्यायला फारसा खर्च येत नाही. तो आधी करा.

त्याच्याच जोडीला मालकी. घर वडिलांच्या नावावर होतं म्हणताय, मग आज कागदावर कोणाकोणाची नावं आहेत, बहीण, काका, कोणी भाडेकरू, कुठलं कर्ज? कर्जात तारण असलेलं घर बँकेला न विचारता पाडता येत नाही, कारण तारण म्हणून त्यांनी जे धरलंय तेच तुम्ही नाहीसं करताय. विम्याची पॉलिसी असेल तर तीही काढून वाचा, घर रिकामं राहिलं किंवा पाडकाम सुरू झालं की कव्हर थांबतं असं कलम बऱ्याचदा असतं. आणि घर उभं असताना भावाभावांत ज्या गोष्टी तोंडी चालतात त्या घर पडल्यावर चालत नाहीत, नवीन घरात कोणाला कुठला मजला, खर्च कोण किती घालणार, हे पाडायच्या आधी लिहून सह्या करून ठेवा. हे माझ्या कामात बसत नाही खरं, पण अर्धवट पाडून पडलेली घरं मी बघतो त्यांच्या मागे काँक्रीटचं कारण क्वचितच असतं.

अजून एक, क्रम. पाडायची परवानगी आणि बांधायची परवानगी या बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या असतात आणि पाडायची लवकर मिळते, म्हणून लोक उत्साहात पाडून मोकळे होतात. नवीन बांधकामाची परवानगी हातात येईपर्यंत जुन्याची एक वीटही हलवू नका.

आता घराकडे येऊ. सगळ्यात आधी बाल्कनी, कारण हे थांबणारं नाही. बाल्कनी जर भिंतीतून नुसती पुढे आलेली असेल, खाली खांब नसेल, तर तिचा सगळा भार वरच्या बाजूच्या सळ्या पेलत असतात. खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य लोखंड खालच्या बाजूला असतं, बाल्कनीत वर, फरशीच्या लगेच खाली. पाणी कुठून मुरतं? वरून, फरशीतून. म्हणजे तुम्हाला खालून जे फुगलेलं दिसतंय ते दुय्यम लोखंड असू शकतं आणि जे खरं वजन धरून आहे त्याची अवस्था फरशीखाली झाकलेली आहे. अशा बाल्कन्या पडताना फारशी पूर्वसूचना देत नाहीत. त्यामुळे पाडायचं की ठेवायचं हे ठरायचं तेव्हा ठरेल, आजच कुंड्या काढा, दार बंद करा, खालून ये-जा असेल तर तीही थांबवा. आणि मनाने पुढच्या टोकाला टेकू लावू नका, टेकू चुकीच्या जागी गेला तर स्लॅब उलट्या बाजूला वाकायला लागतो आणि त्या बाजूला पुरेसं लोखंड नसतं. इंजिनियर येऊन सांगेल तसंच.

बाथरूमचं छत दिसायला भयानक असतं पण तेवढ्यावरून घराची परीक्षा होत नाही. काय झालेलं असतं ते सांगतो. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ च्या आसपास असतो, इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळीवर एक पातळ संरक्षक थर टिकतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, काँक्रीटमधल्या चुन्याबरोबर त्याची रासायनिक क्रिया होते, पीएच ९ च्या खाली येतो, तो थर जातो आणि ओल मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून सुटतं. बाथरूममध्ये ओल कायमची, त्यामुळे तिथे हे आधी दिसतं. हे कार्बोनेशन काळाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने पुढे सरकतं, म्हणजे पहिल्या १० वर्षांत जेवढं आत गेलं त्याच्या दुप्पट खोल जायला साधारण ४० वर्षं. त्यामुळे ४५ वर्षांच्या घरात एका खोलीत ते सळीपर्यंत पोचलेलं आणि बाकी घरात अजून बरंच लांब, असं अगदी शक्य आहे.

हे तपासायची पद्धत इतकी साधी आहे की मालकाला शेजारी उभं करून दाखवतो. स्टुलावर उभं राहून लहान हातोडीने छत ठोकत जायचं. धड काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं भदभद वाजतं. भदभद भागाभोवती खडूने रेघ मारायची. बऱ्याच वेळा रेघ पूर्ण झाली की मालकाचा चेहरा जरा सैल होतो, कारण सगळं छत गेलंय असं वाटत असतं आणि रेघेच्या आत नळाच्या खालचा कोपरा आणि बाहेरच्या भिंतीकडची पट्टी एवढंच येतं. मग रेघेच्या बाहेर एका ठिकाणी छिन्नीने सळीपर्यंत ताजा तुकडा काढायचा, धूळ उडवायची आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेच. जिथे अल्कधर्मीपणा शिल्लक आहे तिथे काँक्रीट गडद गुलाबी होतं, जिथे गेलाय तिथे रंगच येत नाही. पट्टी लावून बिनरंगाचा थर किती मिलिमीटर ते मोजायचं आणि सळीवरचं कव्हर, म्हणजे सळीपासून पृष्ठभागापर्यंतचा काँक्रीटचा थर, किती ते मोजायचं. स्लॅबला कव्हर साधारण १५ ते २० मिमी, कॉलमला ४० च्या आसपास असायला हवं. सळीच्या भोवती गुलाबी रंग असेल तर तो भाग अजून धड आहे. हे घरात दहाबारा ठिकाणी, मुख्य म्हणजे तळमजल्याच्या कॉलमच्या बुडाशी करून घ्या. छत खराब असणं आणि कॉलम खराब असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, स्लॅब तोडून बदलता येतो, सगळेच कॉलम गेले असतील तर दुरुस्तीच्या नावाखाली नवीन घरच बांधणं होतं.

एक बाब मात्र पारडं पाडण्याकडे झुकवते, ती म्हणजे क्लोराइड. समुद्र जवळ असेल, बांधताना खारी वाळू किंवा खारं पाणी वापरलं असेल, तर मीठ काँक्रीटच्या आतच बसलेलं असतं. तिथे गुलाबी रंग आला तरी सळी खड्डे पडून गंजू शकते. आणि तुम्ही एक जागा फोडून छान दुरुस्त केली की तिच्या कडेची जुनी जागा आधीपेक्षा जोरात गंजायला लागते, वर्ष-दोन वर्षांत नवीन फुगवटा. मग दरवर्षी ठिगळं. त्यामुळे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना ड्रिलने कापून, काढून क्लोराइडची लॅब टेस्ट कराच. तिचा खर्च एका बाथरूमच्या दुरुस्तीपेक्षाही कमी असतो आणि तिच्यावर सगळा निर्णय फिरतो. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक या टेस्ट ऑडिटमध्ये असतातच, पण नुसत्या हॅमरच्या आकड्यांवर कोणी घर धोकादायक किंवा एकदम ठणठणीत ठरवत असेल तर त्याचा रिपोर्ट बाजूला ठेवा, तो हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो, आणि कार्बोनेशन झालेला जुना पृष्ठभाग उलट जास्त कडक वाजतो.

घर आरसीसी फ्रेमचं आहे, म्हणजे भार काँक्रीटच्या कॉलम-बीमवर, की लोड बेअरिंग हे तुम्ही लिहिलेलं नाही. लोड बेअरिंग असेल, म्हणजे भार विटा-दगडांच्या भिंतींवर असेल आणि वर तुळया किंवा स्लॅब, तर वरचं कार्बोनेशन फक्त स्लॅबपुरतं, भिंतींचा विचार वेगळा. तिथे ओल जोत्यातून वर चढतेय का, लाकडाची टोकं भिंतीत जिथे घुसलीत तिथे वाळवी किंवा कूज आहे का, भिंत पोटातून फुगलीय का हे बघायचं. लाकूड मधे ठोकून बघण्यात अर्थ नाही, टोकाला बारीक स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, शिरला तर काम आहे.

आता तिरकी भेग. बहुतेक लोक सगळ्यात जास्त भेगेला घाबरतात आणि नको त्या भेगेला घाबरतात. प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा, त्यांना काही करू नका. कॉलम आणि विटांच्या जोडावर उभी भेग, दोन वेगळी मटेरियल वेगवेगळी आकसतात, सोडून द्या. गच्चीच्या स्लॅबखाली भिंतीवर आडवी भेग बहुतेकदा उन्हाने स्लॅब सरकल्याची. बीमच्या खालच्या बाजूला सळीच्या रेषेत लांब भेग म्हणजे आत गंज. बीम जिथे कॉलमला टेकतो त्याच्या जवळ तिरकी भेग दिसली तर मात्र त्याच दिवशी इंजिनियरला बोलवा. आणि भिंतीत पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली तिरकी भेग, तुमचं वर्णन वाचून मला हीच वाटतेय, ती म्हणजे घराचा एक कोपरा बाकीच्यापेक्षा जास्त खचलाय. तो कधी खचला हे महत्त्वाचं. ३० वर्षांपूर्वी खचून थांबला असेल तर भेग भरा आणि विसरा. अजून खचतोय का ते बघायला भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खिळे मारा आणि महिन्यातून एकदा त्यांच्यातलं अंतर कॅलिपरने मोजून तारखेसह लिहा. एक कोरडा आणि एक ओला ऋतू तरी जाऊ द्या, कारण चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, भेग नुसती उघडझाप करत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि खचतोय असं निघालं तर? इथे भाऊ म्हणेल बघ, पाडायलाच हवं. पण कोपरा का खचतोय? कोपऱ्यात फुटका ड्रेनेज पाइप माती धुऊन नेतोय, किंवा जवळचं मोठं झाड पाणी ओढतंय, किंवा घराचा तो भाग भराव टाकलेल्या जमिनीवर आहे. हे न शोधता घर पाडलं तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नवीन घर त्याच जमिनीवर बसणार आहे आणि तेही तिथेच खचणार. त्यामुळे घर उभं असतानाच त्या कोपऱ्यात पायाच्या शेजारी एक खड्डा घ्या, जुना पाया किती खोल आहे, कशावर टेकलाय, ओल कुठून येतेय ते डोळ्यांनी बघा. पाइप असेल तर पाइप दुरुस्त करून वर्षभर खिळे मोजत राहा, निम्म्या घरांत भेग तिथेच थांबते असा माझा अनुभव. झाडाच्या बाबतीत उलटी काळजी, चिकणमातीत मोठं झाड एकदम तोडलं की ते पीत होतं ते पाणी मातीत राहतं आणि जमीन पुढची कित्येक वर्षं हळूहळू वर उचलली जाऊ शकते, नवीन पाया त्याआधी घातला तर तोही उचलला जातो.

इथपर्यंत आलात की तुमच्या हातात आजच्या नियमातला नकाशा, मालकीचं चित्र, ऑडिटचा रिपोर्ट आणि जमिनीची माहिती असेल. आता पैशांची तुलना करा, पण नीट. दुरुस्तीच्या अंदाजासमोर लोक नुसता नवीन बांधकामाचा दर ठेवतात. नवीनच्या बाजूला पाडकाम, राडारोडा वाहतूक, परवानग्यांची फी, आर्किटेक्ट-इंजिनियर, वीज-पाणी पुन्हा जोडणं, दुसरीकडे राहण्याचं भाडं आणि दोनदा सामान हलवणं हे सगळं धरा, आणि काम लांबणार आहे हे धरून भाडं धरा. दुरुस्तीच्या बाजूलाही प्रामाणिक राहा, फोडल्यावर आत जास्त निघतं, म्हणून अंदाजावर वीस-तीस टक्के वाढवा. माझा ठोकताळा असा की अशा तुलनेत दुरुस्ती नवीनच्या निम्म्याच्या आत असेल आणि घराची मांडणी तुम्हाला चालणारी असेल तर मी पाडू नका म्हणतो. हा नियम नाही, मत आहे. मांडणीच चालत नसेल, म्हणजे छत फार बुटकं, घर रस्त्यापेक्षा खाली गेलंय आणि दर पावसात पाणी आत, किंवा म्हाताऱ्या माणसाला जिना झेपत नाही आणि खाली खोलीच नाही, तर कमी खर्चाची दुरुस्ती करूनही प्रश्न तसाच राहतो.

मधले रस्तेही असतात. वरचा मजला काढून खालचा ठेवणं, फक्त खराब स्लॅब बदलणं, कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवीन सळ्या आणि काँक्रीटचा थर चढवणं, मागे नवीन खोल्या जोडून जुन्या भागावरचा ताण कमी करणं. फ्रान्समधले लाकातोन आणि वासाल हे आर्किटेक्ट पाडायचंच नाही या भूमिकेसाठी ओळखले जातात, बोर्दोमधल्या जुन्या सरकारी इमारतींतली ५३० घरं त्यांनी सहकाऱ्यांसोबत, लोक आत राहत असताना, बाहेरून नवीन जागा जोडून मोठी केली. आर्किटेक्चरमधलं २०२१ चं प्रित्झ्कर पारितोषिक त्या दोघांना मिळालं. आपलं घर तेवढं मोठं नाही, पण विचार तोच. सिमेंटचं उत्पादन जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या सातआठ टक्क्यांना जबाबदार धरलं जातं, त्यामुळे चालणारा सांगाडा फेकून देताना मला तरी जड जातं. भावाला हे पटणार नाही कदाचित, त्याला पैशांची तुलना दाखवा.

समजा सगळं बघून पाडायचंच ठरलं. मग सामाईक भिंत. ती कोणाची, तिच्यावर शेजाऱ्यांचं काय काय टेकलंय हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. जुन्या घरांत शेजाऱ्यांच्या तुळयांची टोकं तुमच्या बाजूच्या अर्ध्या भिंतीत घुसलेली निघतात, आणि तुमचा माणूस प्लास्टर काढून विटा उतरवायला लागल्यावर ती दिसतात. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी थोडं प्लास्टर काढून खात्री करा. शेजाऱ्यांच्या घरातल्या प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून, आणि त्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर त्यांची २० वर्षांची जुनी भेगही तुमच्या काँक्रीट फोडायच्या मशीनमुळे पडली असं होतं, आणि खरंच तुमच्यामुळे पडलेली भेग तुम्ही नाकारता, दोन्हीकडून वाईट. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९९६ चा वेगळा कायदा आहे, शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तुमच्याकडे तसा कायदा असो नसो, हे करा. तुमचं घर गेल्यावर ती भिंत पहिल्यांदाच उघड्यावर येणार, पावसाआधी तिला बाहेरून प्लास्टर किंवा निदान पक्कं आच्छादन देणं तुमच्या खर्चात धरा. आणि तुमचा नवीन पाया त्यांच्या जुन्या पायापेक्षा खोल जाणार असेल तर त्या बाजूला एकदम लांब चर खणायचा नाही, तुकड्यातुकड्यांनी, एक भरल्यावर दुसरा. पाडताना होतात त्याहून मोठे अपघात या खणताना होतात.

घातक माल. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे, जुने सिमेंट पाइप, पाण्याची टाकी, जुन्या व्हिनाइल फरश्या यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. बघून ओळखता येत नाही, नमुना लॅबलाच द्यावा लागतो. अख्खा पत्रा शांत असतो, फोडला, घासला, ड्रिल केला की तंतू हवेत जातात, आणि त्यातून होणारे आजार २०, ३०, ४० वर्षांनी निघतात, म्हणून ठेकेदाराच्या माणसांना आज काहीच वाटत नाही. पत्रे ओले करून, स्क्रू काढून अख्खे उतरवायचे, गच्चीवरून फेकायचे नाहीत, प्लास्टिकमध्ये बांधून जिथे असा कचरा घेतात तिथेच द्यायचे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, दारं-खिडक्या ठेवून वापरणार असाल तर कोरडं घासून किंवा जाळून रंग काढू नका, त्यातही घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

वीज, गॅस, पाणी, ड्रेनेज तोडल्याचं संबंधित खात्याकडून लेखी घ्या, मीटर काढला म्हणजे जमिनीखालची केबल मेली असं होत नाही. पाण्याची एक तात्पुरती लाइन मात्र ठेवा, धूळ बसवायला सतत पाणी मारावं लागतं. जुना सेप्टिक टँक, बुजवलेली विहीर, जमिनीखालची टाकी कुठे आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर खूण करा, नाहीतर पोकलेन त्यातच जातो. सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही, आतला वायू जीव घेतो. उपसून, तळ फोडून, थराथराने भरून दाबून घ्यायचा.

आता तुमचा ठेकेदार. फुकट पाडून देतो यात गैर काही नाही, लोखंड आणि चांगलं लाकूड यात त्याचे पैसे निघतात. पण फुकट काम करणाऱ्याला घाई असते, आणि राडारोडा त्यात धरलाय का हे आधी विचारा. विटा-काँक्रीटच्या घरातून दर चौरस मीटर बांधकामामागे साधारण एक ते दीड टन माल निघतो. तुमचं दोन्ही मजले मिळून २०० चौरस मीटर असेल तर २०० ते ३०० टन, म्हणजे दहा टनी ट्रकच्या वीस-तीस खेपा. लोखंड तो नेणार आणि हा ढीग तुमच्या दारात सोडणार, इथेच घोडं नेहमी पेंड खातं. कुठे टाकणार, त्या जागेची पावती देणार का, हे करारात लिहा. विटा चुन्यात बांधलेल्या असतील तर त्या साफ सुटतात आणि पुन्हा वापरता येतात, सिमेंटमध्ये असतील तर बहुतेक फुटतात, म्हणजे त्यांचा हिशोब लावू नका. जुनं चांगलं लाकूड, दगडी पायऱ्या, दारं तुम्हाला हवी असतील तर त्यांच्यावर आधीच खूण करून यादी करारात जोडा. अमेरिकेत पोर्टलंड शहराने २०१६ पासून ठरावीक काळाआधीची घरं मशीनने चेचायला बंदी करून हाताने सोडवणं सक्तीचं केलंय, का ते जुन्या घराचं लाकूड बघितलं की कळतं.

त्याला विचारायचे खरे प्रश्न दोनच. कशाच्या आधी काय पाडणार, आणि पाडलेला माल कुठे साठवणार. उत्तर असं यायला हवं की वरून खाली, बांधलं त्याच्या उलट क्रमाने, आणि बाल्कनी सगळ्यात आधी, तिच्या मागची भिंत नंतर, कारण मागच्या भिंतीच्या वजनावरच ती तोललेली असते, ते वजन काढलं की बाल्कनी माणसासकट खाली. मालाचं म्हणाल तर घरातला स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून केलेला असतो. राडारोड्याचा वीतभर थर म्हणजे तेवढं किंवा त्याहून जास्तच वजन. वरच्या भिंती पाडून माल मधल्या स्लॅबवर गुडघाभर साचू दिला की स्लॅब खाली काम करणाऱ्यांवर जातो, आणि पाडकामात माणसं मरायचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. खालचे कॉलम तोडून घर एकदम बसवतो म्हणणारा तर गेटवरूनच परत पाठवा, तुम्हाला सामाईक भिंत आहे. मजुरांचा विमा त्याने काढलाय का, कागद बघा, कारण अपघात झाला तर जागा तुमची आहे.

पावसाच्या तोंडावर पाडू नका, खणलेला खड्डा पाण्याने भरून शेजाऱ्यांचा पाया उघडा पडतो.

तुमच्या वर्णनावरून माझा कल विचाराल तर बाल्कनी नक्की काढावी लागेल, बाथरूमचा स्लॅब दुरुस्त किंवा बदलता येईल, आणि बाकीचं कॉलमच्या बुडाशी फवारा काय रंग दाखवतो आणि मागचा कोपरा अजून हलतोय का यावर. मागच्या भेगेचा पट्टी लावून सरळ समोरून एक फोटो टाका, तिची वरची आणि खालची रुंदी वेगळी मोजा, आणि त्या कोपऱ्याबाहेर जमिनीखाली कुठला पाइप जातो ते शोधून लिहा. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर कुठली बाजू खचतेय ते इथूनही बऱ्यापैकी सांगता येईल.